सीटीच्या रिपोर्टात ‘मेंदू आकसला’ लिहून आलंय. मुलांनी जीनची तपासणी करावी का?

उपकेंद्र_यवतमाळ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या उपकेंद्राच्या हद्दीतल्या एका घराचा प्रश्न आहे, घरच्यांना विचारूनच मांडते आहे.

वय ७१, शेतकरी, शिक्षण चौथीपर्यंत, माळकरी. दीड वर्षापासून विसर वाढला आहे. एकच गोष्ट चारदा विचारतात, विळा कुठे ठेवला ते आठवत नाही, आणि गेल्या महिन्यात रोजच्या पांदणीने परत येताना वाट चुकले. बीपी आहे, गोळी मनात आलं की घेतात. साखरेसाठी आठ वर्षांपासून मेटफॉर्मिन सुरू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी झाला. त्यात दोनच ओळी: ‘डिफ्यूज सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी, एज रिलेटेड’ आणि ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ (बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचल्याने झालेले जुने बदल). घरात त्याचा अर्थ ‘मेंदू सुकला’ असा झाला.

त्यांच्या आईलाही म्हातारपणी काही उमगत नव्हतं म्हणतात. थोरला मुलगा ४८ वर्षांचा. तो विचारतो, “आजीले झालं, आता बाबाले झालं, मंग माह्यावरच येते काय?” त्यातच एका खासगी लॅबचा माणूस लाळेवरून ‘ब्रेन जीन’ तपासून देतो म्हणून गावात फिरतो आहे.

वयानुसार मेंदू आकसण्यात जीनचा वाटा नेमका किती? आणि इथे लोकांना सिकलसेलचं एएस (फक्त वाहक) आणि एसएस (आजारी) पक्कं ठाऊक आहे, तसं ‘कॅरिअर’ याच्यातही असतं का?

---

क्षकिरण_नागपूर

ताई, आधी रिपोर्टाबद्दल, कारण सगळी भीती त्या दोन ओळींतून आली आहे.

साठीनंतर निरोगी माणसाचाही मेंदू वर्षाला साधारण अर्धा टक्का घटतो. मेंदू ११०० ते १२०० मिलिलिटरचा धरला तर वर्षाला सहा मिलिलिटर, म्हणजे चमचाभर. पेशी मोठ्या संख्येने मरतात म्हणून हे होतं असं नाही. पेशींचे फाटे आणि जोडण्या विरळ होतात, पांढऱ्या भागाचं वेष्टण झिजतं. वळ्यांमधल्या भेगा रुंद दिसतात आणि मधल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसतात. एकाहत्तरीच्या माणसाच्या सीटीवर ‘एज रिलेटेड’ लिहिणं म्हणजे केस पांढरे आहेत असं लिहिण्यासारखं आहे. तो आजार नाही, आणि त्याने आजार नाकारलाही जात नाही.

खरा प्रश्न कुठला भाग आकसला आहे हा आहे. विसराच्या रुग्णात कानशिलाच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस बघतात. एका बाजूचा साधारण ३ ते ४ मिलिलिटर असतो. म्हातारपणी तो वर्षाला एक-दीड टक्क्याने घटतो, अल्झायमरमध्ये तीन ते पाच टक्क्यांनी. सीटीच्या आडव्या कापांत तो नीट दिसत नाही. एमआरआयला पाठवाल तेव्हा चिठ्ठीवर हे लिहून द्या: एक मिलिमीटरचा थ्रीडी टी-वन, हिप्पोकॅम्पसला काटकोनातले कोरोनल काप, फ्लेअर, डिफ्यूजन, आणि सूक्ष्म रक्तस्रावासाठी एसडब्ल्यूआय. रिपोर्टात ‘एमटीए स्कोअर’ (हिप्पोकॅम्पसच्या भागाच्या आकसण्याची पायरी) ० ते ४ मध्ये मागा, दोन्ही बाजूंचा वेगळा. पंचाहत्तरीच्या आत २ किंवा जास्त आला तर तो वयाच्या मानाने जास्त. पंचाहत्तरीनंतर ३ पासून पुढे जास्त धरतात. पांढऱ्या भागाच्या बदलांसाठी ‘फझेकास’ ही पायरी, ० ते ३. हे आकडे नसलेला ‘अ‍ॅट्रॉफी’ शब्द कुणाच्याच कामाचा नाही.

दोन गोष्टी हमखास चुकतात. आकसलेल्या मेंदूवरच्या शिरा ताणलेल्या असतात, म्हणून म्हातारा माणूस बैलगाडीवरून किंवा ओट्यावरून साधा पडला तरी कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं. लक्षणं दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी दिसतात आणि घरचे ती ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. गेल्या तीन महिन्यांत पडले होते का, हे विचाराच. सीटी पडण्याआधीचा असेल तर परत करावा लागेल.

दुसरं, वर्षभराने तुलनेसाठी स्कॅन केला तर तोच मशीन, तीच सिक्वेन्स हवी. मे महिन्यात अंगातलं पाणी कमी असताना काढलेला आणि डिसेंबरात काढलेला स्कॅन यांतही थोडा फरक येतो, आणि आपण मोजतो आहोत चमचाभर.

---

वंशावळ

जीनच्या वाट्याचं मी सविस्तर लिहितो, कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात.

मेंदू मुळात केवढा आहे आणि तो किती वेगाने आकसतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुळ्यांच्या अभ्यासात एकसारख्या आणि वेगळ्या जुळ्यांची तुलना करतात. मेंदूच्या आकारातल्या फरकात जीनचा वाटा ८०% किंवा त्याहून जास्त निघतो. वेगाचं चित्र फारच वेगळं. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ मध्ये ठरावीक अंतराने पुन्हा काढलेले स्कॅन तपासले. घट-वाढीच्या वेगातला जीनचा वाटा पॅलिडम या मेंदूच्या आतल्या छोट्या भागासाठी ५% ते लहान मेंदूच्या करड्या भागासाठी ४२% निघाला. म्हणजे मोठ्या डोक्याचा वारसा मिळतो तितक्या सरळपणे आकसण्याचा मिळत नाही.

हा टक्का घरच्यांना सांगताना जपून सांगा. ‘४२%’ म्हणजे एका माणसाच्या घटीतला ४२% भाग जीनमुळे, असं नाही. तो लोकांलोकांतल्या फरकाचा हिशेब आहे. एकाच थैलीतलं कपाशीचं बियाणं अर्धं काळ्या जमिनीत, अर्धं बरडावर लावलं, तर बोंडांतला फरक जमिनीचा. एकसारख्या ओलिताच्या वावरात पाच वाण लावले तर फरक बियाण्याचा. बियाणं दोन्हीकडे तेच काम करतं, हिशेब मात्र बदलतो. ज्या गावात निम्म्या लोकांचं बीपी आटोक्यात नाही, तिथे परदेशातल्या सधन लोकांवरून काढलेला टक्का जसाच्या तसा लावता येत नाही.

२०२२ मध्ये याच गटाने १५,६४० जणांचे वारंवार काढलेले स्कॅन घेतले, वय ४ ते ९९. मेंदूच्या १५ भागांच्या बदलाच्या वेगाशी कुठले जीन जोडलेले आहेत ते शोधलं. नावानिशी पुढे आलेल्यांत जीपीआर१३९, डीएसीएच१ आणि एपीओई हे होते. एपीओईचा संबंध हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या अमिग्डालाच्या घटीशी लागला. काही जीनचा परिणाम वयानुसार बदलतो हेही दिसलं. लहानपणी एक, म्हातारपणी दुसरा. इतक्या लोकांनंतर मोजकेच जीन हाती लागतात, त्यावरून ‘ब्रेन जीन पॅनेल’वाल्यांच्या दाव्याची किंमत समजावी. त्या पॅनेलांत बीडीएनएफ नावाचा जीन हमखास असतो. त्याचे निकाल एका अभ्यासात एक, दुसऱ्यात भलतेच आले आहेत. त्यावर पैसे घालवू नयेत.

आता सिकलसेल. तिथे एक जीन, एक आजार. आईबाप दोघे एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात एसएसची शक्यता चारात एक, आणि एसएस म्हणजे आजार आहेच. एपीओई तसा नाही. त्याचे तीन प्रकार: ई२, ई३, ई४. बहुतेकांत ई३. ई४ असला की अल्झायमरची शक्यता वाढते, आजार ठरत नाही. ई४ची जोडी असूनही नव्वदीपर्यंत तल्लख राहणारे आहेत आणि एकही ई४ नसून अल्झायमर झालेले भरपूर आहेत. म्हणून ‘कॅरिअर’ शब्द इथे वापरूच नका, लोक लगेच लग्नाच्या गोष्टीवर जातात.

सिकलसेलसारखे ‘एक जीन, एक आजार’ या विषयातही आहेत, पण ते दुर्मिळ आणि त्यांची ठेवण वेगळी. एपीपी, पीएसईएन१, पीएसईएन२ यांतल्या बदलाने होणारा अल्झायमर एकूण रुग्णांत १% हून कमी. तो बहुतेकदा चाळिशी-पन्नाशीतच दिसतो आणि दर पिढीत साधारण निम्म्यांना होतो. हंटिंग्टन या आजारात जीनमधल्या सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती ४० किंवा जास्त असते, मेंदूच्या आतला कॉडेट नावाचा भाग आकसतो, हातपाय नाचल्यासारखे हलतात. स्पायनोसेरेबेलर अटॅक्सियात लहान मेंदू आकसतो, चाल झिंगल्यासारखी होते. नोच३ या जीनमधल्या बदलाने मायग्रेन आणि कमी वयात पक्षाघाताचे झटके. वागणूक आधी बिघडते आणि विसर नंतर, असं घराण्यात असेल तर फ्रंटोटेम्पोरल (मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग आकसणाऱ्या आजारांचा) गट, त्याचे जीन: जीआरएन, एमएपीटी, सी९ओआरएफ७२.

म्हणून तपासणीच्या आधी वंशावळ काढा. कोरा कागद, तीन पिढ्या, पुरुष चौकोन, बाई वर्तुळ. प्रत्येकापाशी लिहायचं ते मृत्यूचं वय नाही, *लक्षण सुरू झालं* ते वय. ‘काही उमगत नव्हतं’ ही नोंद निरुपयोगी आहे. वाट चुकायचे का, चाल बिघडली होती का, हात हलायचे का, लाज-भीड गेली होती का, हे एकेक विचारा. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्नं झाली असतील तर दुहेरी रेघ मारा. एकमेकांच्या नात्यात लग्न असेल तर दोन्हीकडून एकच दोष येणारे आजार वर येतात. साठीच्या आत लक्षण, किंवा सलग दोन-तीन पिढ्यांत एकाच तऱ्हेचं लक्षण दिसलं, तरच जनुकीय समुपदेशन असलेल्या केंद्राकडे पाठवा, आणि तपासणी आधी *आजारी* माणसाची. निरोगी मुलाची आधी केली तर ‘काही सापडलं नाही’ या उत्तराला अर्थ राहत नाही.

---

आशा_गटप्रवर्तक_मेळघाट

वय विचारताना एक जोड. जुन्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख बहुतेकदा १ जानेवारी असते, वर्षही अंदाजाने घातलेलं. लक्षणाचं वय काढायला ‘बहात्तरच्या दुष्काळात कामावर जात होते का’, ‘नातवाच्या लग्नात स्वतः पंगतीला वाढत होते का’ असं विचारलं की चार-पाच वर्षांच्या आत उत्तर मिळतं. स्मरणाची तपासणीही तशीच. शाळा कमी झालेल्या माणसाला इंग्रजी तारीख आणि शंभरातून सात वजा करायला लावलं तर धडधाकट माणूसही नापास होतो. महिना मराठी चालेल, आठवडी बाजाराचा वार, आत्ता वावरात काय उभं आहे, हे विचारा. निरक्षर लोकांसाठी हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासात बनवलेली हिंदी मानसिक अवस्था चाचणी आहे, डॉक्टरांकडून ती मागा.

---

फिजिशियन_वर्धा

वंशावळ काढा, पण तिची वाट बघत रक्त तपासणं थांबवू नका. या रुग्णात मला पहिला संशय बी-१२ चा आहे. शाकाहारी आणि आठ वर्षं मेटफॉर्मिन, दोन्ही बी-१२ खाली आणतात. बी-१२, टीएसएच (थायरॉइड), हिमोग्राम, क्रिएटिनिन, सोडियम, कॅल्शियम, एचबीए१सी, आणि व्हीडीआरएल (सिफिलिस) व एचआयव्ही तपासा. बी-१२ काठावर (२०० ते ३०० पिकोग्रॅम) आलं तर होमोसिस्टीन करा (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक). नमुना बर्फात ठेवून तासाभरात वेगळा करावा लागतो. उपकेंद्रावर काढून दुपारच्या एसटीने पाठवलेल्या नमुन्यात होमोसिस्टीन खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून रक्त लॅबमध्ये जाऊनच द्यायचं.

होमोसिस्टीन आणि आकसणं यांचा संबंध नुसता अंदाज नाही. ऑक्सफर्डमध्ये सत्तरीपुढच्या, सौम्य विसर असलेल्या लोकांना दोन वर्षं फॉलिक अ‍ॅसिड ०.८ मिलिग्रॅम, बी-१२ ०.५ मिलिग्रॅम आणि बी-६ २० मिलिग्रॅम दिलं (निकाल २०१०). गोळी घेणाऱ्यांचा मेंदू वर्षाला ०.७६% आकसला, न घेणाऱ्यांचा १.०८%. पण फायदा ज्यांचं होमोसिस्टीन चढलेलं होतं त्यांच्यातच ठळक होता. सगळ्यांना वाटायची ही गोळी नाही.

एक धोका अधोरेखित करतो. बी-१२ कमी असताना उपकेंद्रातली नुसती लोह-फॉलिकची गोळी देऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. आधी बी-१२. पायाला मुंग्या किंवा विसर असेल तर सुरुवात १००० मायक्रोग्रॅमच्या इंजेक्शनने, एक दिवसाआड, पुढचं अंतर डॉक्टर ठरवतील. मेटफॉर्मिन बंद करायची गरज नसते.

घरातली गोळ्यांची पिशवी ओतून बघा. सर्दीची क्लोरफेनिरामीन, झोपेची अल्प्राझोलाम, अमिट्रिप्टिलीन, ट्रायहेक्झिफेनिडील ही स्मरण बिघडवतात. मोहाची दारू रोजची असेल तर तीही मेंदू आकसवते, आणि सोडली तर काही भाग भरूनही येतो. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम घरीच बंद केली तर आकडी (फिट) येऊ शकते. ती सोडवायची थायमिन (बी-१) देऊन, दवाखान्यात. विसराबरोबर पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि लघवीवर ताबा नसणं, हे तिन्ही असलं तर पाण्याच्या पोकळ्या आकसण्यामुळे मोठ्या नाहीत, पाणी साचल्यामुळे मोठ्या असू शकतात. त्याला शस्त्रक्रिया आहे.

---

उपकेंद्र_यवतमाळ

सगळ्यांचे आभार. माहिती जमवली. बी-१२ १४२ पिकोग्रॅम. टीएसएच, सोडियम, कॅल्शियम ठीक. पडल्याचा इतिहास नाही. चाल चांगली, लघवीचा त्रास नाही, दारू नाही. पिशवीत सर्दीच्या गोळ्या मात्र भरपूर निघाल्या. आजीचं लक्षण ऐंशीनंतरच सुरू झालं होतं. रुग्णाचे दोन मोठे भाऊ, ७४ आणि ७८, दोघेही स्वतः बाजार करतात. साठीच्या आत कुणालाच नाही.

पण थोरल्याने तोवर लाळ देऊन टाकली. रिपोर्ट आला: ‘ई३/ई४, हाय रिस्क’, लाल अक्षरांत. झोप उडाली आहे त्याची. काय सांगू?

---

वंशावळ

वंशावळीवरून एक-जीनचा आजार दिसत नाही. हे त्याला आधी सांगा.

रिपोर्टात ‘आरएस४२९३५८’ आणि ‘आरएस७४१२’ या दोन जागांची अक्षरं छापली आहेत का बघा. पहिलीवर टी आणि दुसरीवर टी म्हणजे ई२. टी आणि सी म्हणजे ई३. सी आणि सी म्हणजे ई४. ई३/ई४ माणसात पहिल्या जागी टी/सी आणि दुसऱ्या जागी सी/सी यायला हवं. अक्षरं छापली नसतील, किंवा जुळत नसतील, तर त्या कागदावर विसंबू नका. खात्री हवीच असेल तर जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतलं रक्त मान्यताप्राप्त लॅबला द्यावं.

जुळलं असं धरून चालू. २०११ मध्ये युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेला अंदाज असा: ८५ व्या वर्षापर्यंत अल्झायमर होण्याची शक्यता सर्वसाधारण पुरुषात ११%, ई३/ई४ पुरुषात २३%. म्हणजे अशा शंभरांपैकी ७७ जणांना पंच्याऐंशीपर्यंत अल्झायमर होत नाही. त्याला ‘दुप्पट’ म्हणून सांगू नका, हे ७७ सांगा. आपल्याकडे बल्लभगढमध्ये ई४चं प्रमाण अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी निघालं, आणि तिथे अल्झायमरही कमी आढळला.

हा ई४ वडिलांकडूनच आला असंही नाही, आईकडूनही आलेला असू शकतो. एका मुलाच्या रिपोर्टावरून वडिलांच्या विसराचं कारण ठरत नाही आणि त्याच्या धाकट्या दोघा भावंडांचं काहीच ठरत नाही. त्यांना रिपोर्ट दाखवायचा की नाही हा थोरल्याचा अधिकार. चावडीवर तो वाचला जाऊ नये.

एकच ठिकाण आहे जिथे हा जीन उपचार बदलतो: अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) काढणारी नवी इंजेक्शनं. ई४ची जोडी असणाऱ्यांत त्यांनी मेंदूला सूज आणि सूक्ष्म रक्तस्राव जास्त होतो, म्हणून आधी एपीओई बघतात. ४८ वर्षांच्या निरोगी माणसाला त्याचा आज उपयोग नाही.

जबर जीनचीही बाजू उलटते, याचं एक उदाहरण त्याला सांगण्यासारखं आहे. कोलंबियातल्या एका मोठ्या घराण्यात पीएसईएन१ मधल्या बदलामुळे साधारण ४४ व्या वर्षी विसर सुरू होतो. त्यातल्या एका बाईला तो बदल असूनही सत्तरीपर्यंत काही झालं नाही. तिच्या एपीओईच्या दोन्ही प्रतींत ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मिळ बदल सापडला (२०१९).

---

फिजिशियन_वर्धा

बी-१२ १४२ म्हणजे उपचार आजच सुरू करायचा, एमआरआयची वाट बघायची नाही. सर्दीच्या गोळ्या बंद. आठ-दहा आठवड्यांनी तीच स्मरण-चाचणी त्याच माणसाने घ्यायची. सुधारणा झाली तरी एमआरआय करा. कमतरता आणि अल्झायमर एकाच माणसात असू शकतात.

बीपीबद्दल सावध करतो. वरचा आकडा १२० च्या खाली आणणाऱ्या मोठ्या अमेरिकी चाचणीत (मेंदूचे निकाल २०१९) पांढऱ्या भागाचे डाग कमी वाढले, पण मेंदूचं एकूण आकारमान किंचित *जास्त* घटलं. शिवाय त्यात मधुमेही घेतलेच नव्हते. म्हणून यांच्यासाठी १३० च्या आसपास, आणि दर वेळी बसून व उभं राहून तीन मिनिटांनी, दोनदा मोजायचं. उभं राहिल्यावर २० ने पडलं तर गोळी वाढवू नका. गोळी रोज मिळेल याची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यायची, चौकोनी खणांचा डबा चालेल.

थोरल्यासाठी: बीपी, साखर, कानाची तपासणी, खर्रा आणि विडी बंद, आणि चालणं. २०११ च्या एका अमेरिकी चाचणीत १२० म्हाताऱ्या माणसांपैकी ज्यांनी आठवड्यात तीन दिवस, ४० मिनिटं झपाझप चालणं वर्षभर केलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस २% वाढला. नुसते अंग ताणायचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा १.४% घटला. “मी दिवसभर वावरातच तं असतो” असं तो म्हणेल. निंदण-वेचणीत बसून-वाकून होणारे कष्ट वेगळे, दम लागेल असं सलग चालणं वेगळं. एप्रिल-मेमध्ये ते सकाळी सातच्या आत.

---

उपकेंद्र_यवतमाळ

पहिलं इंजेक्शन आज दिलं. स्मरण-चाचणीची नोंद वहीत लावून ठेवली आहे, वार बाजाराचा, पीक तुरीचं. थोरल्याचं बीपी घेतलं: बसून १५२/९६. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. परवा आणि पुढच्या सोमवारी परत घेते.